हरणी अंगाला हात लावू देईना

आमच्याकडे घोडी आली ती बैलगाडा शर्यतीसाठी. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव, खेड, जुन्नर भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढणीच्या धावपट्टीवर, बैल सुटले की त्यांच्यापुढे स्वार घेऊन घोडी पळते आणि तिच्या मागं बैल चढण चढतात. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींना परवानगी देणारा कायदा कायम ठेवला आणि त्याच वर्षी दत्तजयंतीला दादांनी सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून चार वर्षांची मारवाडी घोडी आणली. रंग कुम्मेत, म्हणजे तांबूस-तपकिरी, कानांची टोकं एकमेकांना भिडणारी. नाव ठेवलं हरणी.

पहिले तीन महिने तिच्यासारखं गरीब जनावर नव्हतं. नाना, म्हणजे माझे चुलते, खरारा करायला, म्हणजे ब्रशनं अंग घासायला लागले की मान खाली टाकून डोळे अर्धे मिटायची. पोटाखाली हात घाला, पाय उचला, काही नाही.

चैत्रात फरक पडला. खरारा बरगडीवरून खाली आला की माशी बसल्यासारखी कातडी थरथरायची. पंधरा दिवसांनी तंग, म्हणजे जिनाचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागं पाडायला लागली. मग नुसता हात पुढं नेला तरी अंग चोरून भिंतीला जायची आणि मागचा पाय उचलून धरायची. वाऱ्यानं ताडपत्री फडफडली तरी बुजायची. वैशाखातल्या जत्रेत घाटाच्या तोंडाशी ती आडवी उडाली, नाना खाली आले आणि त्यांच्या खांद्याजवळचं हाड मोडलं.

त्या दिवसापासून प्रत्येकाकडे एक निदान होतं. कुणी म्हणालं, छातीवरचा केसांचा भोवरा खोटा आहे, घरात ठेवू नका. कुणी म्हणालं, चंदी, म्हणजे दाणा, जास्त झालीय, माजलीय. दादा विकायला निघाले होते. मी त्यांच्याकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. नानांनी दवाखान्यातून फोनवर एवढंच सांगितलं, "तिला मारू नका रे. तिनं मुद्दाम नाही केलं."

आधी डोळ्यांना दिसेल ते तपासलं. गोचीड, पुरळ, जखम काही नव्हतं. जीन बदलून पाहिलं, तंगाची पट्टी मऊ केली. दाढांच्या कडा धारदार झाल्या होत्या, त्या घासून घेतल्या. घोडी साधारण २१ दिवसांनी माजावर येते, म्हणून दोन महिने वहीत रोज नोंद ठेवली. माजाचा आणि चिडण्याचा मेळ बसला नाही.

मग मी मोबाइलवर वाचायला लागलो. घाबरट, स्पर्श सहन न होणारा घोडा म्हटलं की सगळीकडे एकच उत्तर, मॅग्नेशियम कमी आहे. मॅग्नेशियम फार कमी पडलं तर स्नायू थरथरतात आणि जनावर बिथरतं, हे खरंच आहे. एका दुकानातून 'घोडा शांत करणारी' पावडर आणली, महाग होती, सहा आठवडे दिली. हरणी होती तशीच राहिली. उलट एक नवी गोष्ट दिसली. सकाळी ठाणावरून बाहेर काढताना पहिली दहा-बारा पावलं ती आखूड टाकायची. एक दिवस उजव्या पुढच्या पायात, चार दिवसांनी मागच्या डाव्यात.

आमच्या तालुक्यातले डॉक्टर गाई-म्हशींचे चांगले जाणकार. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं की घोड्यांत मुरलेला माणूस बघा, आणि पुण्याच्या एका डॉक्टरांचा नंबर दिला. घोड्यांच्या पागेवर आयुष्य काढलेले गृहस्थ. ऑगस्टमध्ये आले. आल्या आल्या हात लावला नाही. पाच मिनिटं नुसते बाजूला उभे राहिले, मग हाताचा पंजा तिला हुंगू दिला. खांद्यापासून हळूहळू पुढं सरकत गालाच्या हाडापर्यंत आले आणि डोळ्याखालच्या उभारावर अंगठा दाबला. हरणीनं झटका देऊन मान वर घेतली. दुसऱ्या बाजूलाही तेच. माझा हात धरून त्यांनी ती जागा मला दाखवली. हाडाची कड जिथं धारदार लागायला हवी तिथं ती गोलसर, जाडसर लागत होती. रोज बघत असूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"ही घाबरत नाहीये," ते म्हणाले. "हिला दुखतंय. हात आला की दुखणार हे माहीत झालंय, म्हणून आधीच दूर होते. आता सांगा, खायला काय काय देता?"

मी सांगितलं. गव्हाचा कोंडा भिजवून ३ किलो, कारण विकणाऱ्यानं बजावलं होतं की कोंड्यानं कोठा साफ राहतो. हरभरा १ किलो, कडब्याची कुट्टी ३ किलो. आणि म्हशींसाठी लावलेलं नेपिअर गवत १० ते १२ किलो, हिरवंगार, हरणीला अतिशय आवडणारं. कमी काही पडू नये म्हणूनच हे सगळं देत होतो.

त्यांनी माझ्याच वहीत आकडे मांडले. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या आठ-दहा पट. ३ किलो कोंड्यातून फॉस्फरस ३० ग्रॅमच्या वर आणि कॅल्शियम जेमतेम ४. सगळी चंदी-वैरण मिळून कॅल्शियम २४ ग्रॅमच्या आसपास, फॉस्फरस ४७ च्या. घोड्याला हे उलटं लागतं, फॉस्फरसच्या निदान बरोबरीनं आणि शक्यतो दीड ते दोन पट कॅल्शियम. त्यात नेपिअरमध्ये ऑक्झलेट नावाचं द्रव्य असतं, ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. म्हशीच्या पोटातले जंतू ते ऑक्झलेट फोडतात म्हणून तिला ते गवत चालतं. घोड्याच्या आतड्यात मात्र कॅल्शियम बांधलेलंच राहतं आणि शेणावाटे जातं. म्हणजे कागदावरचे २४ सुद्धा तिला मिळत नव्हते.

मॅग्नेशियमचाही हिशेब झाला. ४०० किलोच्या घोडीची रोजची गरज ६ ग्रॅमच्या आसपास, आणि नुसत्या कोंड्यातूनच तिला १५ च्या पुढं जात होतं. जे कमी नव्हतं तेच मी सहा आठवडे विकत आणून देत होतो.

रक्त तपासलं तर कॅल्शियम नॉर्मल आलं. मी गोंधळलो. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातलं कॅल्शियम शरीर काही केल्या पडू देत नाही. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी कामाला लागतात आणि हाडांतून काढून रक्तात आणतात. रक्ताचा कागद चांगला दिसतो, हाडं पोकळ होत जातात, त्या जागी तंतुमय मांस भरतं आणि तोंडाचं हाड फुगतं. पूर्वी युरोपात पिठाच्या गिरण्यांवरच्या घोड्यांना कोंडाच कोंडा मिळायचा, त्यांना हे व्हायचं. म्हणून याला गिरणीवाल्याचा रोग म्हणायचे. खरं कळतं ते लघवीतून किती फॉस्फरस बाहेर पडतोय त्यावरून, आणि त्यासाठी लघवी अन् रक्त एकाच वेळी लागतं.

घोडीची लघवी धरणं हे एका सकाळचं काम नव्हतं. दोन दिवस मी पातेलं घेऊन उभा राहायचो, ती आवरून धरायची. तिसऱ्या दिवशी नाना गळ्यात हात बांधलेल्या अवस्थेत आले, खाली कोरडा भुसा पसरायला लावला आणि हलकी, लांब शीळ घालायला सुरुवात केली. घोड्यांची निगा राखणारे जुने मोतद्दार असंच करतात. दोन-तीन मिनिटांत तिनं मागचे पाय फाकवले. मी पातेलं पुढं केलं. रिपोर्टमध्ये फॉस्फरस भरपूर निघाला, म्हणजे रोग तोच.

बदल हळू केले. घोड्याचं खाणं एकदम बदललं तर पोटशूळ उठतो, म्हणून कोंडा बंद करायला १५ दिवस घेतले. नेपिअर म्हशींना. त्याऐवजी कडबा वाढवला आणि सुकवलेला लसूणघास रोज २ किलो, त्यातून एकट्यातून २५ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. भरड्यात कालवून ५० ग्रॅम चुनखडीची पावडर. पानाचा किंवा भिंतीचा चुना नव्हे, तो तोंड भाजतो. शिवाय ३० ग्रॅम मीठ. मी गाईचं तयार पशुखाद्य द्यावं का विचारलं तेव्हा डॉक्टर पहिल्यांदा कडक बोलले. काही पशुखाद्यांत आणि कोंबडीखाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याच्या हृदयाला मारक आहे. ज्यांच्या गोठ्यात गाई आणि घोडी शेजारी आहेत त्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

सहा आठवड्यांत फरक दिसला नाही तर पोटात दुर्बीण घालून अल्सर बघायचा, असंही ठरलं होतं, कारण तंग आवळताना चिडणं अल्सरनंही होतं. ती वेळ आली नाही. पाचव्या आठवड्यात सकाळची आखूड पावलं थांबली. दसऱ्याच्या सुमारास खरारा बरगडीपर्यंत गेला आणि तिनं फक्त एक कान वळवला. नाना तिथंच थांबले, हात काढला नाही, पुढंही नेला नाही. बराच वेळ तसेच उभे होते.

दिवाळीला दादांनी विकण्याचा विषय काढला नाही.

गालाची जाडी थोडी उतरलीय, पूर्ण जाईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. हाडं भरायला नऊ महिने ते वर्ष लागतं, म्हणून पुढच्या वैशाखात तिला घाटात नेली नाही, नुसतं शेताच्या बांधानं चालवली. ताडपत्री फडफडली तर अजून दचकते, पण पळत नाही, थांबून बघते. येत्या मार्गशीर्षात लघवीचा नमुना पुन्हा द्यायचा आहे. तोवर घाट नाही, हे दादांनी स्वतः ठरवलंय. नानांचा खांदा आता वर जातो, पाठीवरचा खरारा तेच करतात.