आयर्विनला किती?

श्रावण, शनिवार

पावसाळ्यात सांगलीकर सकाळी पहिलं हेच विचारतो. आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल. 1929 सालच्या या पुलापाशी कृष्णा 40 फुटांवर गेली की इशारा, 45 वर धोका. नव्यानं राहायला येणाऱ्यानं गणपतीच्या देवळाआधी हे दोन आकडे पाठ करावेत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड इथल्या लोकांना 45 ची वाट बघून चालत नाही. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि बाजारपेठच बुडाली.

नुसता कोयनेचा विसर्ग बघून अंदाज बांधणारे फसतात. शहराला लागूनच हरिपूरला वारणा मिळते, पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा. त्याही फुगल्या की कृष्णेला सरकायला वाट उरत नाही. पाऊस उघडला तरी सांगलीत पाणी तुंबून राहतं. म्हणून वारणेवरच्या चांदोली धरणाचा आकडाही बघायचा.

हरिपूर संगमेश्वरासाठी बघावं, तसं पेवांसाठीही. तोंड अरुंद, पोट मोठं, असे हळद साठवायचे जमिनीतले हे खड्डे. आत हवा नाही, म्हणून हळदीला कीड लागायची नाही, वर्षानुवर्षं टिकायची. त्याच कारणानं पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. आधी कंदील सोडायचा, विझला तर थांबायचं. 2005 च्या पुरात कितीतरी पेवांत पाणी शिरलं. ही हळहळ वाटण्यासारखीच गोष्ट आहे, कारण पेव धरणारी माती सगळीकडे मिळत नाही.

मिरज दहाएक किलोमीटर. तिथं सतारमेकरांकडे सवड काढूनच जावं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. कापलेला भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात, गर-बिया खरवडतात, मग आतून काठ्या लावून, तोंड ताणून सुकवतात. पुरता सुकला नाही तर नंतर आकसतो आणि जोड सुटतो. खरी कसोटी जवारीची: तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीनं किंचित उतरता करायचा, म्हणजे तार त्यावर निसटती टेकते आणि झंकार उठतो. कानस जरा जास्त फिरली की आवाज बिघडला.

नृसिंहवाडीच्या दत्ताच्या देवळात पाणी चढलं की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या देवळात नेतात; पादुकांचं दर्शन तेव्हा मिळत नाही. बासुंदी आणि कवठाची बर्फी मात्र घ्यावीच.

खिद्रापूर पुरात टाळावं, कुरुंदवाडपुढं रस्त्यावर पाणी येतं. हिवाळ्यात दिवसाउजेडी जावं. तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही आणि भोवती 48 खांब आहेत. वर ऊन असलं तरच त्यांचं कोरीवकाम नीट दिसतं. नंदी तिथं शोधू नये, तो यडूरला आहे.