जाड पॅकिंग टाकून नॉकिंग जात नाही

जिप्सी ट्रेलरवरून आली होती. ऑफरोड इव्हेंटला खासगी जागेत पळणारी गाडी, रस्त्यावर ती कधी येत नाही. आत मारुतीचं १.३ लिटरचं १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय इंजिन आणि बाजूला बसवलेला ऐसिनचा एएमआर ५०० सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप. तक्रार अशी की लोड घेतला की नॉकिंग, म्हणजे इंजिनात खडखड, आणि आता रेडिएटरमधलं पाणीपण कमी व्हायला लागलंय. मालक पोरगा तरुण, गाडीवर जीव असलेला. आधीच्या गॅरेजमध्ये त्याला सांगितलेलं की सुपरचार्जर लावायचा तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) उतरवायला लागतं आणि सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जाड हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकच्या मधलं), म्हणून त्यांनी तांब्याच्या पत्र्यातून २ मिमीचं कापून टाकलं होतं. तरी नॉकिंग तसंच. माझ्याकडे येऊन त्यानं पहिलं विचारलं ते हेच, "दादा, ३ मिमीचं टाकूया का?"

म्हटलं आधी हेड तर उतरवू.

प्लग काढले तेव्हाच अंदाज आला. पोर्सिलेनवर भिंगातून बघितलं तर बारीक बारीक चमकणारे कण चिकटलेले, म्हणजे ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टनच उडून तिथं बसलाय. हेड निघाल्यावर पिस्टनच्या कडा बघितल्या. मधला भाग ठीक, पण काठाला जिथं हेडची सपाट पट्टी समोर येते तिथं रव्यासारखं खरखरीत झालेलं, बोटाला लागत होतं. दोन आणि तीन नंबरच्या मधून पॅकिंग लीक झाल्याची काळी रेघ होती आणि पाण्याच्या भोकांभोवती हिरवट डाग, कारण तांब्याचं पॅकिंग गॅस चांगलं अडवतं पण पाण्याच्या वाटा नुसत्या तांब्यावर नीट सील होत नाहीत, तिथं सीलंट नीट लावावं लागतं.

आता ज्या जागी खरखर झाली ती जागा महत्त्वाची. नॉकिंग होतं ते प्लगपासून लांब राहिलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणामुळे. ज्योत तिथं पोचायच्या आधीच ते दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेट घेतं. हे होऊ नये म्हणूनच हेडला कडेला त्या सपाट पट्ट्या दिलेल्या असतात. पिस्टन टॉपला येतो तेव्हा पट्टी आणि पिस्टन यांच्यामधलं अंतर इतकं कमी होतं की तिथलं मिश्रण पिळून प्लगच्या दिशेनं फेकलं जातं, खळबळ होते, ज्वलन लवकर उरकतं, आणि जो थोडा गॅस फटीत राहतो तो दोन्ही बाजूच्या धातूला उष्णता देऊन थंड राहतो. याला स्क्विश म्हणतात. फट २ मिमीच्या वर गेली की ना धड पिळलं जातं ना धड थंड होतं, मिश्रण तिथंच बसून शिजत राहतं.

आमच्या शेजारच्या शेडमध्ये एक काका आहेत, उद्यमनगरात उभं आयुष्य ऑइल इंजिन जुळवण्यात गेलं त्यांचं. त्यांना बोलावलं. त्यांनी सुपरचार्जरकडे बघितलंसुद्धा नाही, पहिला प्रश्न केला, "बंपिंग क्लिअरन्स किती आहे?" डिझेलवाल्यांची ही सवय मला फार आवडते. पेट्रोल गाड्यांच्या मॉडिफिकेशनमध्ये सगळे बूस्ट (सुपरचार्जरचा जादा दाब) आणि हॉर्सपॉवर बोलतात, पिस्टन आणि हेडमधलं अंतर कोणी मोजत नाही. मग सोल्डरची तार घेतली, पिस्टनवर पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना ग्रीसनं चिकटवली (पिनच्या रेषेतच का, तर पिस्टन डुलला तरी माप बिघडत नाही), जुनंच तांब्याचं पॅकिंग टाकून हेड टॉर्कला कसलं आणि क्रँक हातानं फिरवला. चपटी झालेली तार मायक्रोमीटरवर २.१ ते २.२ मिमी. काकांनी नुसती मान हलवली.

मग हिशोबाला बसलो. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५ मिमी, म्हणजे एका सिलिंडरमध्ये पिस्टन सरकतो तेवढं घनफळ साधारण ३२४.७ सीसी. हेडच्या चेंबरवर ॲक्रिलिकची चकती ग्रीस लावून बसवली आणि ब्युरेटनं रंगीत रॉकेल सोडलं, ३०.५ सीसी आलं. पिस्टनवरचे खळगे ३.५, पिस्टन डेकच्या (ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागाच्या) खाली ०.१५ मिमी राहतो त्याचे अर्ध्याहून थोडे जास्त, आणि २ मिमी पॅकिंगचे जवळजवळ ९ सीसी. एकूण ४३.६, कॉम्प्रेशन साडेआठच्या जरासं खाली. पातळ, १.२ मिमीचं पॅकिंग धरलं तर हेच ९.१ येत होतं. म्हणजे एवढं स्क्विश घालवून मिळवलं काय, तर साधारण पाऊण पॉइंट.

पोरानं मोबाईल काढला, त्यावर गणित होतं, साडेआठ गुणिले बूस्टचं गुणोत्तर, ७ पीएसआयला १.४८, म्हणून "इफेक्टिव्ह" साडेबारा, म्हणून अजून उतरवायला पाहिजे. मी त्याला सांगितलं की या गणितात हवेचं तापमान कुठंय? हा रूट्स ब्लोअर आहे, आत हवा दाबत नाही, नुसती ढकलतो, आणि त्यात हवा भयंकर तापते. ३५ अंशाची हवा घेऊन ७ पीएसआयला बाहेर टाकली तर शंभरच्या वर जाते. आणि ती हवा गार करणारा इंटरकूलरच त्याच्या गाडीला नव्हता! कंपन्या कॉम्प्रेशन उतरवतात हे खरंच आहे, टोयोटानं ४ए-जीझेडईला सुरुवातीला ८.० ठेवलं, पुढं ८.९ केलं, सुपरचार्जरवाल्या मिनी कूपर एसला ८.३ होतं, पण त्यासाठी कोणी पॅकिंग जाड करत बसत नाही, आकार पिस्टनमध्ये आणि चेंबरमध्ये देतात.

मग ठरवलं तसंच करायचं. दाबल्यावर ०.८ मिमी राहणारं एमएलएस (स्टीलच्या अनेक थरांचं) पॅकिंग, म्हणजे स्क्विश ०.९५ मिमी. पण नुसतं एवढं केलं तर कॉम्प्रेशन साडेनऊला जातं, म्हणून ५ सीसी दुसरीकडून काढायचे. चेंबरमध्ये व्हॉल्व्हच्या भोवती दडलेला धातू मोकळा करून दीड सीसी निघाले, सपाट पट्ट्यांना हातसुद्धा लावला नाही. जुने पिस्टन बादच होते, नव्या पिस्टनच्या डोक्यावर मधोमध ५६ मिमी व्यासाचा, दीड मिमी खोलीला थोडा कमी असा खळगा लेथवर काढला, कडेची पट्टी तशीच ठेवून. त्याआधी क्राऊनची (पिस्टनच्या डोक्याची) जाडी मोजली, ७ मिमीच्या वर होती म्हणूनच हात घातला. ज्याला जास्त बूस्ट चालवायचा त्यानं फोर्ज्ड (घडीव) पिस्टन त्याच खळग्यासकट करून घ्यावेत, मी तेच सांगेन. सगळं धरून परत साडेआठ. म्हणजे बघा, कॉम्प्रेशन जवळपास तेच, बूस्ट तोच, फक्त फट २.१५ ऐवजी ०.९५.

एमएलएसला पृष्ठभाग आरशासारखा लागतो. आधी कोणीतरी ब्लॉकवर पॉलिश पेपर हातानं मारलेला, त्यामुळे ब्लॉक आणि हेड दोन्ही हलका कट घेऊन फेस केले आणि मग डेक परत मोजला, जेवढा धातू गेला तेवढा हिशोब बदलतो. अजून एक गोष्ट फार जण विसरतात, जाड पॅकिंगनं हेड वर उचललं जातं, टायमिंग बेल्टची ताणलेली बाजू लांबते आणि कॅम थोडा मागे पडतो. आता तोपण जागेवर आला. समोर इंटरकूलर बसवला. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे, इथेनॉलमुळे नॉकिंग रोखायला मदत होते पण पेट्रोल जास्त लागतं, त्यामुळे इंजेक्टर आणि मॅप (पेट्रोल आणि ठिणगीचा तक्ता) त्या हिशोबानं नव्यानं केला.

डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) मी नॉकिंगच्या सेन्सरवर एकट्यावर विसंबत नाही. तांब्याची नळी एका टोकाला चपटी करून ब्लॉकला बोल्टनं कसली, दुसऱ्या टोकाला रबरी पाइप आणि तो इअरमफमध्ये. नॉकिंग असलं की पत्र्यावर खडे पडल्यासारखं स्पष्ट ऐकू येतं. आधी फुल बूस्टला ठिणगीच्या १२ अंश टायमिंगवरसुद्धा ती गाडी वाजायची. आता एक एक अंश वाढवत १८ पर्यंत गेलो, कानात काही नाही, प्लग काढून भिंगाखाली बघितले, पांढरं पोर्सिलेन स्वच्छ. एक्झॉस्टपण आधीपेक्षा कमी तापत होता, ज्वलन वेळेत संपत असल्याचं हे लक्षण. पोरगा इअरमफ लावून स्वतः ऐकत उभा होता आणि त्यानं काकांना पण ऐकवलं.

त्याला आता सुपरचार्जरला छोटी पुली टाकून बूस्ट वाढवायचाय. मी नाही म्हटलेलं नाही. मे महिन्यातल्या दुपारी इव्हेंटला चालवून इंटरकूलरमधून बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानाचा लॉग आण म्हटलंय, तो ६० अंशाच्या आत असेल तर पुलीचं बोलू, नाहीतर आधी मोठा इंटरकूलर.