मय्यतीचा मेसेज येतो तेव्हा

आमच्या शिया मशिदीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी काय काय येत असतं, मगरिबची (संध्याकाळच्या नमाजची) वेळ बदलली, गुरुवारी दुआ-ए-कुमैलला लवकर या, कुणाच्या तरी मुलाची शाळेची बॅग वजूखान्यात राहिलीय. पण एक मेसेज असा की तो आला की बाकी सगळं बाजूला पडतं. अमुक इब्ने अमुक (अमक्याचा मुलगा अमुक) यांचा इंतिकाल झाला, दफन एवढ्या वाजता, आज रात्री सगळ्यांनी नमाज-ए-वहशत पढावी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दफनाच्या पहिल्या रात्री ही नमाज पढतात, दोनच रकात (नमाजची आवर्तनं), पहिल्यात कुराणातल्या सूरा-ए-हम्दनंतर आयतल कुर्सी आणि दुसऱ्यात हम्दनंतर सूरा-ए-कद्र 10 वेळा, मग सलवात (पैगंबर आणि त्यांच्या घराण्यासाठीची दुआ) पढून म्हणायचं की या अल्लाह याचा सवाब (पुण्य) अमक्याच्या कबरीला पोचव. कबरीतली पहिली रात्र सगळ्यात कठीण म्हणून. यासाठी मशिदीत जावं लागत नाही, ओळख लागत नाही, मय्यतीचं, म्हणजे गेलेल्या माणसाचं, आणि त्याच्या बापाचं नाव कळलं की झालं. मग कुणी रात्रपाळीला निघायच्या आधी पढतं, कुणी पोरांना झोपवून, कॉलेजातली मुलगी अभ्यासातून उठून पढते, आणि त्या माणसाला यातल्या निम्म्यांनी बघितलेलंही नसतं. म्हणूनच मी म्हणते की मोहल्ल्यातली मशीद काय असते ते बघायचं असेल तर आशूराच्या, म्हणजे मुहर्रमच्या दहाव्या दिवशी इमाम हुसैन यांच्या शहादतीच्या शोकाला जमणाऱ्या, गर्दीवरून नका ठरवू, मय्यतीच्या दिवशी या.

आशूरा लहान आहे असं मी म्हणत नाहीये, कसं म्हणेन. हे सगळं आपण शिकतो ते तिथूनच. मजलिसमध्ये (शोकसभेत) मौलाना आधी फजाइल (थोरवी) पढतात आणि शेवटी मसाइबवर (सोसलेल्या दुःखांवर) येतात, तेव्हा 61 हिजरीतल्या, म्हणजे इ.स. 680 मधल्या करबलाच्या त्या मैदानातली एक गोष्ट मला दरवर्षी नव्याने लागते, की पैगंबरांचे नातू इमाम हुसैन आणि त्यांच्या साथीदारांचे मृतदेह तसेच उघड्यावर टाकून लष्कर निघून गेलं, घरातल्या बायकापोरांना कैदी करून घेऊन गेले, आणि नंतर जवळच्या वस्तीतल्या बनी असद कबिल्याच्या लोकांनी येऊन दफन केलं. शेजारच्या वस्तीतल्या साध्या लोकांनी! हे लहानपणापासून ऐकत आलेल्या माणसाला शेजारी मय्यत झाल्यावर घरी बसवतच नाही.

गुस्लचं, म्हणजे मय्यतीला नहाण घालण्याचं, काम तर जवळून बघितल्याशिवाय कळत नाही. बाई गेली की बायकाच नहाण घालतात, तीनदा, आधी बोरीचा पाला मिसळलेल्या पाण्याने, मग कापराच्या, मग साध्या. आधी डोकं आणि मान, मग उजवी बाजू, मग डावी. अंगावरची चादर सरकू द्यायची नाही, पाणी हळू ओतायचं, आणि आमच्या गुस्ल देणाऱ्या आपा तर पूर्ण वेळ मय्यतीशी बोलत असतात, बेटा आता हात उचलते हं, आता कुशीवर वळवते. बाहेर येऊन कुणाच्या अंगावर काय दिसलं याबद्दल एक शब्द नाही. शरीयतमध्ये हे वाजिब-ए-किफाई आहे, म्हणजे कुणीतरी केलं तर बाकीच्यांवरून उतरतं आणि कुणीच नाही केलं तर सगळे गुन्हेगार. त्या आपा करतात म्हणून आपण सगळ्या सुटतो हे किती जणींच्या लक्षात असतं कोण जाणे.

मग नमाज-ए-जनाजा, मय्यतीसाठीची नमाज. त्यात रुकू (वाकणं) नाही, सजदा (कपाळ टेकणं) नाही, पाच तकबीर असतात, म्हणजे पाचदा अल्लाहु अकबर म्हणतात, आणि चौथीनंतर आपण म्हणतो की या अल्लाह आम्हाला याच्याबद्दल चांगल्याशिवाय काही माहीत नाही. ज्याच्याशी पार्किंगवरून भांडण झालं, ज्याच्याशी वर्षानुवर्षं बोलणं बंद, तोही सफमध्ये (रांगेत) उभा राहून हेच म्हणतो, आणि म्हणतानाच त्याचा आवाज फुटतो हे मी ऐकलंय. कबरीत उतरवल्यावर तलकीन पढतात, खांदा धरून हलवून सांगतात, ऐक, समजून घे, अमुक इब्ने अमुक, आणि मग अल्लाह, रसूल आणि बारा इमामांची नावं एकेक करून आठवण करून देतात. शेवटचा धडासुद्धा आपल्यातलाच कुणीतरी देतो.

आता जे बोलायचंय ते. आमच्याकडे गुस्ल देता येणाऱ्या बायका दोन-तीनच उरल्यात आणि त्यांचे गुडघे आता साथ देत नाहीत. कमिटीकडे मिंबरच्या (मौलाना बसतात त्या आसनाच्या) सजावटीवर तासभर चर्चा करायला वेळ असतो, बायकांच्या बाजूचा स्पीकर मात्र ऐन मसाइबच्या वेळी खरखरतो आणि गुस्लखान्यात धड उजेड नाही, याचा मला खरंच राग येतो. तरुण मुली घाबरतात, ते समजू शकते, मीही पहिल्यांदा फक्त पाण्याचं भांडं हातात देत उभी होते. तेवढंही चालतं. गुस्ल देणारीला हाताखाली कुणीतरी लागतंच.

तर आपांनी कबूल केलंय, सफर महिना संपला की त्या शिकवणार आहेत, कफन कापण्यापासून सगळं, बाहुलीवर दाखवून. वय झालेल्यांनी नाही आलात तरी चालेल, वीस-पंचविशीतल्या मुलींनी या. ज्यांच्या आया पाठवायला तयार नाहीत त्यांनी मला सांगा, मी घरी येऊन बोलते.