गहू बंद झाल्यावरचं आमचं स्वयंपाकघर

माझ्या मुलीला सिलिॲक आहे, म्हणजे गहू, सातू (जव) यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने तिच्या आतड्याला इजा होते, हे ती 6 वर्षांची असताना कळलं, आता 8 ची आहे. त्याआधी दीड वर्ष वजन वाढेना, हिमोग्लोबिन वर येईना, पोट कायम फुगलेलं, लोहाचं औषध चालू पण फरक शून्य. आणि अंगात ताकद यावी म्हणून आम्ही तिला काय देत होतो, तर गव्हाचं सत्त्व, दुधातून सातूचं पीठ आणि रविवारी खपलीची खीर. जे तिच्या आतड्याला नको होतं तेच रोज मांडीवर बसवून भरवत होते, ते आठवलं की अजून पोटात तुटतं.

शेवटी टीटीजीची (सिलिॲकमध्ये रक्तात वाढणारी अँटीबॉडी) रक्ततपासणी झाली, मग एंडोस्कोपी. एक मुद्दाम सांगते, तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करायचा नाही, आधीच बंद केला तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. आम्ही "जरा गहू थांबवून बघू" असं करणारच होतो, डॉक्टरांनी वेळेत अडवलं.

निदान झालं त्या रात्री मला वाटलं आता हिने खायचं काय. माझं लग्न झाल्यापासून आमच्याकडे दोन्ही वेळा पोळीच, कणीक संपली की घरात धान्य नाही असं वाटावं इतकी. आई म्हणाली, अगं आपल्याकडे लहानपणी पोळी फक्त सणाला असायची, भाकरीवर वाढलात तुम्ही. माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, ज्वारीचंच गाव. भाकरी मी खाल्ली होती भरपूर, पण थापायला कधी शिकले नव्हते.

पहिले पंधरा दिवस नुसत्या फाटत होत्या. आईने फोनवर विचारलं पीठ कधीचं आहे, म्हटलं महिन्यापूर्वीचं पाकीट, तर म्हणाली विरी, म्हणजे चिकटपणा, गेलीय त्याची, टाकून दे. मग ताजं दळलेलं घेतलं, त्यात उकळतं पाणी घालून चमच्याने कालवलं, झाकून ठेवलं आणि हात सोसेल एवढं निवल्यावर तळहाताच्या गादीने चांगलं पाच मिनिटं मळलं. ज्वारीत ग्लुटेन नाही म्हणजे पिठाला धरून ठेवणारं काही नाही, गरम पाण्याने पिठातला स्टार्च थोडा शिजतो आणि तेवढीच चिकटाई मिळते. आता गोळा दाबून बघते, कडेला चीर पडली की अजून मळायचं, कड गुळगुळीत राहिली की थापायला घ्यायचं. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकत आलं की लगेच उलटायची, उशीर झाला की तडकते. पहिल्यांदा जाळावर टम्म फुगली तेव्हा पोरगी टाळ्या वाजवत होती आणि मी रडत होते.

पण खरं सांगू का, पदार्थ शोधणं सोपं आहे, अवघड आहे ते गव्हाचा कण तिच्या ताटापासून लांब ठेवणं. पॅकबंद वस्तूवर ग्लुटेन फ्री लिहायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन असता कामा नये असा नियम आहे, त्यावरून अंदाज करा किती कमी लागतं. गिरणीत आधी गहू दळलेला असतो, त्याच जात्यातून आपली ज्वारी आली की संपलं. म्हणून घरघंटी घेतली, तेव्हा खर्च जड गेला पण दुसरा मार्ग दिसेना. लाकडी पोळपाट लाटणं तिच्यासाठी वेगळं, तवा वेगळा, चाळणी वेगळी, सगळ्यांना लाल दोरा बांधून ठेवलाय. कुरडई गव्हाच्या चिकाची, म्हणून ती तळलेल्या तेलात तिचे पोह्याचे पापड तळायचे नाहीत.

आणि हिंग! तीन महिने सगळं पाळूनही तिचं पोट अधूनमधून दुखायचं, मला काही केल्या कळेना. एक दिवस फोडणीला हिंग घालताना सहज डबी फिरवून बारीक अक्षरं वाचली, त्यात गव्हाचं पीठ. रोजच्या वरणात, भाजीत, ताकात मी स्वतःच्या हाताने घालत होते. आता तांदळाच्या पिठातला आणते, दरवेळी डबी वाचूनच. सोया सॉसचं तसंच, बहुतेकांत गहू असतो.

मोठा आधार मिळाला तो उपवासाच्या पदार्थांचा. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, यात गहू येतच नाही, फक्त तयार पीठ न आणता घरी दळायचं. शाळेच्या डब्याला घावन, आंबोळी, गहू न घालता केलेल्या भाजणीचं थालीपीठ, कधी वरीचा उपमा. होळीला तांदळाची उकड काढून त्यात पुरण भरलं, लाटताना फुटायला लागलं तेव्हा केळीच्या पानावर हलक्या हाताने थापलं. पुरणपोळी म्हणता येणार नाही, पण साजूक तूप घालून तिने तीन खाल्ल्या.

नातेवाईकांना समजावणं मात्र अजून चालू आहे. "प्रसादाचा शिरा आहे, चमचाभराने काय होतंय", "खपली तर चालते ना". नाही चालत, खपली हा गहूच आहे, आणि चमचाभरानेही आतड्याला सूज येते, बाहेरून दिसत नाही एवढंच. मी आता पूजेला जाताना राजगिऱ्याचा शिरा करून डबा सोबत नेते, नैवेद्याच्या शेजारी ठेवते आणि तिला त्यातला देते, म्हणजे तिला प्रसाद नाकारल्यासारखं वाटत नाही.

मागच्या टेस्टला टीटीजी बराच खाली आलाय, वजन 4 किलोने वाढलंय. मे महिन्यात माहेरी जायचंय, 3 किलो ज्वारी दळून ठेवणार आहे, लाल दोऱ्याचा तवाही बॅगेत जाणार, आणि आईला आधीच सांगितलंय की यावेळी भाकरी मी थापणार.