दादासाठी व्हेप निवडताना

भाऊबिजेला पाटावर बसलेल्या भावाला ओवाळताना बहीण त्याच्यासाठी दीर्घायुष्य मागते. २०२३ सालच्या दिवाळीत मी दादाला ओवाळले आणि त्यानंतर त्याच्या हातात जी पेटी ठेवली, तिच्यात निकोटीनची वाफ करणारे एक उपकरण, म्हणजे व्हेप, होते. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो, असे आईने फोनवर विचारले होते आणि तेव्हा मला तिला नीट उत्तर देता आले नव्हते. ते उत्तर द्यावे, आणि अशी भेट निवडताना मी आधी कुठे चुकले व मग काय शिकले, हे परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना सांगावे, म्हणून हे लिहीत आहे.

दादा डर्बीला राहतो, मी लेस्टरला. सांगलीला अभियांत्रिकी शिकत असताना त्याला सिगारेट लागली आणि ती सत्तावीस वर्षे सुटली नाही. दिवसाला पंधरा ते अठरा. त्वचेला चिकटवायचे निकोटीनचे पट्टे त्याने दोनदा लावून पाहिले, निकोटीनचे च्युइंगम एकदा. प्रत्येक वेळी दीड-दोन महिने निघायचे आणि मग एखाद्या वाईट आठवड्यात पाकीट परत खिशात यायचे. इंग्लंडच्या पावसात, मागच्या दाराबाहेर, जाकीट डोक्यावर ओढून उभा असलेला दादा हे दृश्य आमच्या घरात इतके अंगवळणी पडले होते, की तो नेमका कसा ओढतो याकडे मी कधी लक्षच दिले नव्हते. पुढे सगळे अडले ते नेमके तिथेच.

माझी पहिली भेट २०२२ सालची. मी एका चकचकीत दुकानात गेले आणि भाऊ इंजिनिअर आहे, त्याला यंत्रांची आवड आहे, तेव्हा तुमच्याकडचे सर्वांत प्रगत उपकरण द्या, असे सांगितले. विक्रेत्याने मला दोन बॅटऱ्यांचे, दोनशे वॅटपर्यंत जाणारे, रंगीत पडद्याचे एक जड मॉड (व्हेपचा बॅटरी आणि वीज-नियंत्रण असलेला भाग) दिले, सोबत द्रव भरायची रुंद तोंडाची टाकी आणि मिलिलिटरला ३ मिलिग्रॅम निकोटीन असलेला आंब्याच्या स्वादाचा द्रव दिला. दादाने ते हौसेने उघडले, पडद्यावरचे आकडे फिरवून पाहिले, एक दीर्घ झुरका घेतला आणि त्याला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आले. नऊ दिवस त्याने नेटाने प्रयत्न केला. दहाव्या दिवशी ते मॉड टीव्हीखालच्या खणात गेले. मला वाईट वाटले ते पैशांचे नव्हे. ‘हेही करून पाहिले, जमले नाही’ अशी आणखी एक नोंद त्याच्या मनात माझ्यामुळे झाली, याचे वाईट वाटले.

चूक काय झाली, हे पुढच्या वर्षी दुसऱ्या एका लहानशा दुकानात कळले. तिथल्या बाईंनी उपकरण दाखवण्याआधी मला तीन प्रश्न विचारले. दिवसाला किती सिगारेटी? सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात? आणि धूर आधी तोंडात घेतो की थेट छातीत? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. दुसऱ्यासाठी वहिनीला फोन लावला. ‘अगं, चहा उकळायच्या आत,’ ती म्हणाली. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणे ही सवय खोलवर रुजल्याची खूण मानतात. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र मला डोळे मिटून त्या मागच्या दाराशी जावे लागले. दादाचे गाल किंचित आत जातात, धूर क्षणभर तोंडात थांबतो आणि मग तो श्वास घेतो. सिगारेट ओढणारी बहुतेक माणसे अशीच ओढतात. हुक्क्याचा झुरका याच्या उलट, एका दमात सरळ छातीत जातो. मी दादाला दिलेले यंत्र हुक्क्याच्या जातीचे होते.

हा फरक कॉइलवरून ठरतो. कॉइल म्हणजे कापसात गुंडाळलेली बारीक तार. कापूस द्रव शोषतो, तार तापते, द्रवाची वाफ होते. तारेचा रोध एक ओहमपेक्षा बराच कमी असेल तर तिला चाळीस, साठ, सत्तर वॅट द्यावे लागतात, ती भरपूर वाफ करते आणि ती वाफ मोठ्या श्वासानेच ओढावी लागते. रोध एक ओहम किंवा थोडा अधिक असेल तर दहा ते पंधरा वॅट पुरतात, हवेची वाट अरुंद ठेवता येते आणि झुरका सिगारेटसारखा आवळ येतो. द्रवाची तीव्रताही यालाच बांधलेली असते. ढगभर वाफ घेणाऱ्याला ३ मिलिग्रॅम पुरते, कारण तो तेवढा द्रव संपवतो. चिमूटभर वाफ घेणाऱ्या, दिवसाला अठरा सिगारेटींची सवय असलेल्या माणसाची तलफ ३ मिलिग्रॅमने भागत नाही, त्याला १२ किंवा १८ लागते. तलफ भागली नाही की हात आपोआप पाकिटाकडे जातो. ब्रिटनमध्ये कायद्याने मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन चालत नाही, निकोटीनयुक्त द्रवाची बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नसते आणि टाकी २ मिलिलिटरपेक्षा मोठी नसते. आधीच्या त्या दांडग्या मॉडची दोन मिलिलिटरची टाकी दादाला दिवसातून कितीतरी वेळा भरावी लागत होती, हेही त्याच्या कंटाळ्याचे एक कारण होते.

द्रवाबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण भेट देणारे इथेच फसतात. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि वनस्पतिजन्य ग्लिसरीन अशी दोन मुख्य द्रव्ये असतात. पहिले पातळ असते, स्वाद नीट वाहून नेते आणि सिगारेटसारखा घशाला थोडा झटका देते. दुसरे मधासारखे दाट असते आणि दाट वाफ करते. एक ओहमच्या कॉइलची छिद्रे बारीक असतात, तिला ग्लिसरीन जास्त असलेला द्रव दिला तर कापूस कोरडा पडतो आणि तोंडात जळक्या कापसाची अशी चव येते, की ती दिवसभर जात नाही. म्हणून निम्मे-निम्मे प्रमाण असलेला द्रव घ्यावा. स्वाद मात्र ओढणाऱ्यालाच निवडू द्यावा. मी तंबाखूचा, पुदिन्याचा आणि साध्या फळांचा अशा तीन छोट्या बाटल्या दिल्या आणि दादाने तंबाखूची सर्वांत आधी बाजूला सारली.

मग ‘प्रगत’ उपकरण घ्यायचेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. साधी, आत द्रवाची कुपी बसवायची छोटी उपकरणे स्वस्त आणि सोपी असतात, आणि अनेकांना तीच पुरतात. दादाच्या बाबतीत मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटल्या. एक म्हणजे त्याला वॅट एकेकाने कमी-जास्त करून स्वतःला जुळेल असा झुरका शोधता येणार होता, आणि हाताने काही जुळवण्यात त्याचे मन रमते. दुसरी म्हणजे बॅटरी, टाकी आणि कॉइल सगळे वेगवेगळे बदलता येत असल्याने एक भाग बिघडला म्हणून सगळे टाकावे लागणार नव्हते. (एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर ब्रिटनने १ जून २०२५ पासून बंदी घातली, ती मला मनापासून पटली. त्यांच्यातली चांगली लिथियम बॅटरी एका वापरात कचऱ्यात जात होती.) शेवटी एका बॅटरीचे, हातात मावणारे मॉड, एक ओहमच्या कॉइलची टाकी आणि १८ मिलिग्रॅमचा द्रव असा संच ठरला. सगळे मिळून पन्नास पौंडांच्या आसपास गेले, म्हणजे तेव्हाची सिगारेटची साडेतीन पाकिटे.

बॅटरीपाशी थांबून थोडे सविस्तर लिहिते. ही बॅटरी सुटी मिळते आणि तिला १८६५० म्हणतात. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर, म्हणून हे नाव. ती हातात घेऊन पाहा. तिच्या अंगावर पातळ प्लास्टिकचे वेष्टन असते आणि धन टोकाशी एक छोटी चकती असते. आतले जवळजवळ सगळे धातूचे कवच ऋण टोकाला जोडलेले असते, त्यामुळे वेष्टन टोकाशी जरा जरी फाटले तरी धातूला धातू लागून शॉर्ट सर्किट होऊ शकते. सुटी बॅटरी किल्ल्यांच्या खिशात टाकणे यासाठीच धोक्याचे आहे. म्हणून भेटीत मी दोन बॅटऱ्या, त्यांची प्लास्टिकची डबी आणि वेगळा चार्जर आवर्जून घातला. बॅटऱ्या नावाजलेल्या कंपनीच्या आणि खात्रीच्या दुकानातून घ्याव्यात, कारण त्यांच्या नकला बाजारात खूप आहेत. विमानाने जाताना हे सगळे हातातल्या सामानातच ठेवावे लागते, चेक-इन केलेल्या बॅगेत चालत नाही. आणि घरात लहान मूल असेल तर द्रवाच्या बाटल्या उंच, कुलपात ठेवाव्यात. निकोटीनचा द्रव पोटात जाणे मुलांसाठी जिवावर बेतू शकते. माझी भाची तेव्हा चार वर्षांची होती, वहिनीने पहिल्याच दिवशी औषधांच्या कपाटात जागा केली.

दुसऱ्या दिवाळीला मी पेटी देऊन निघून आले नाही, दादाजवळ बसले. नव्या कॉइलच्या कापसावर द्रवाचे चार थेंब सोडायचे, टाकी भरायची आणि दहा मिनिटे काहीही करायचे नाही, हे मी त्या बाईंकडून शिकून आले होते. ही दहा मिनिटे न थांबल्यामुळे किती कॉइली पहिल्याच झुरक्याला जळत असतील! आम्ही तेवढ्या वेळात चकली आणि चहा घेतला. मग बारा वॅटवर त्याने झुरका घेतला, गाल आत गेले, वाफ क्षणभर तोंडात थांबली. ठसका लागला नाही. ‘हे जमेल,’ एवढेच तो म्हणाला.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. निकोटीन व्यसन लावते, त्यात शंका नाही, पण सिगारेटने होणाऱ्या कर्करोगाचे मुख्य कारण निकोटीन नसून जळत्या तंबाखूचा धूर आहे. झुरक्याच्या वेळी सिगारेटचे टोक ९०० अंश सेल्सियसच्या आसपास तापते, आणि त्या जळण्यातून टार, कार्बन मोनॉक्साइड व शेकडो विषारी पदार्थ तयार होतात. व्हेपमध्ये काही जळत नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१५ साली व्हेपिंग हे धूम्रपानापेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज मांडला. तो अंदाजच आहे, चाळीस वर्षांचा अनुभव नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका याहून बरीच सावध आहे. मला जास्त भावला तो २०१९ साली प्रसिद्ध झालेला इथला एक प्रयोग. त्यात सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या ८८६ जणांपैकी निम्म्यांना पट्टे, च्युइंगम वगैरे दिले आणि निम्म्यांना पुन्हा भरता येणारे व्हेप व १८ मिलिग्रॅमचा द्रव. शिवाय दोन्ही गटांना समुपदेशन होते. वर्षभरानंतर सिगारेटपासून दूर राहिलेले पहिल्या गटात ९.९ टक्के होते, दुसऱ्यात १८ टक्के. पण दुसऱ्या गटातल्या यशस्वी लोकांपैकी ८० टक्के जण वर्षानंतरही व्हेप ओढतच होते. ही बाजू लपवून मी आईला काही सांगणार नाही. बीजिंगमध्ये २००३ साली आजच्या व्हेपचा पाया घालणारे होन लिक हे औषधनिर्माते स्वतः भरपूर सिगारेटी ओढत, आणि त्यांचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते, हे वाचले तेव्हा हे यंत्र मुळात कोणासाठी आहे याबद्दल माझा गोंधळ उरला नाही.

जो सिगारेट ओढत नाही, त्याला ही भेट कदापि देऊ नये. कुणी अठराच्या आतल्या पोराला हौस म्हणून घेऊन देत असेल, तर ब्रिटनमध्ये तो गुन्हाच आहे. आणि ओढणाऱ्यालाही त्याच्या मनात सोडायचे असेल तरच द्यावी.

भारतातल्या वाचकांसाठी चित्र वेगळे आहे. २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवण आणि जाहिरात बंद आहे. आयात-विक्रीसारख्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून इथून जाताना भावासाठी किंवा मेहुण्यासाठी ‘एखादे घेऊन जाऊ’ असा विचार करू नये, आणि स्वतःचेही नेऊ नये. आम्ही गेल्या वर्षी सांगलीला गेलो तेव्हा दादाने मॉड डर्बीलाच ठेवले आणि तीन आठवडे पट्ट्यांवर काढले. पूर्वी जे पट्टे पुरत नव्हते ते या वेळी पुरले, कारण सिगारेट सुटून तोवर वर्ष होत आले होते. तिकडे ज्यांना सोडायचे आहे त्यांच्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत दूरध्वनी सेवा आहे, आणि ती विडी, तंबाखू, गुटखा सगळ्यांसाठी आहे.

पहिल्या दीड महिन्यात दादाने अधूनमधून सिगारेट ओढली, हे त्याने मला स्वतःहून सांगितले. मग ती थांबली. १८ वरून तो आधी १२ वर आला, आता ६ वर आहे, आणि घाई करायची नाही असे आम्ही ठरवले आहे. या दिवाळीला काय आणू, असे विचारल्यावर त्याने एक ओहमच्या कॉइलचे पाकीट आणि बॅटरीची नवी डबी सांगितली, जुनीचे झाकण भाचीने खेळता खेळता तोडले आहे म्हणून.