चार नंबरच्या दाराची डावी वायर

गोदामात माल चढवायच्या चार नंबरच्या दाराची डावी वायर दहा आठवड्यांत तिसऱ्यांदा ड्रमवरून, म्हणजे ती गुंडाळणाऱ्या वरच्या चाकावरून, उतरली, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. आधीच्या दोन खेपांच्या नोंदी वहीत होत्या. पहिल्यांदा वायर बदलली, दुसऱ्यांदा ड्रम, आणि दोन्ही वेळा दाराचं वजन तोलणाऱ्या स्प्रिंगला नव्याने पीळ दिला. कामात खोट नव्हती. ड्रमचे स्क्रू घट्ट होते, वायरची एकही तार सुटलेली नव्हती. चांगलं काम करूनही बिघाड परत येतो, तेव्हा तो दुसरीकडेच कुठेतरी असतो, हे कळायला अनुभव लागतो. पण नेमका कुठे, ते अनुभवानेही लगेच कळत नाही.

दार सेक्शनल, म्हणजे आडव्या पट्ट्या बिजागऱ्यांनी जोडलेलं, वर जाताना छताखाली आडवं होणारं. रुंदी २.४ मीटर, उंची ३ मीटर. मोटर थेट वरच्या शाफ्टवर, म्हणजे ड्रम आणि स्प्रिंग ज्यावर असतात त्या दांड्यावर, बसवलेली. या रचनेची एक खोड आहे. बंद करताना मोटर दाराला खाली ओढत नाही, ती फक्त वायर सोडत जाते. दार आपल्या वजनाने उतरतं. दार वाटेत अडलं तरी मोटरला त्याचा पत्ता नसतो. ती वायर सोडतच राहते, वायर ढिली पडते आणि ड्रमच्या खाचेतून उडी मारते. मग एक बाजू लटकलेली आणि दुसरी अडकलेली, असं तिरकं दार मध्येच उभं.

हे होऊ नये म्हणून वायर ढिली पडताच मोटर बंद करणारा एक स्विच असतो. चार नंबरलाही होता. त्याचं झाकण उघडलं तर दोन टोकांमध्ये विजेच्या वायरचा तुकडा टाकलेला, म्हणजे स्विच असून नसल्यासारखा. तोही नीट मापात कापलेला, दोन्ही टोकांना लग, म्हणजे जोडणीच्या धातूच्या टोप्या, दाबलेले. म्हणजे काम जाणत्या हाताचं. रात्रपाळीत गाड्या रांगेत उभ्या असताना वारंवार पडून मोटर थांबवणारा स्विच गप्प करण्याचा मोह मला समजतो. तरीही असा जंपर मारणाऱ्याच्या हातात पुन्हा पक्कड देऊ नये, असं माझं मत आहे.

जंपर काढला, मोटरचा पुरवठा तोडून त्यावर माझं कुलूप लावलं. दोन्ही ट्रॅकना पकडी लावून दार धरून ठेवलं आणि स्प्रिंग उतरवून वायर पुन्हा बसवली. पीळ देताना स्प्रिंगच्या टोकाच्या भोकात घट्ट बसणाऱ्या दोन पोलादी दांड्याच वापरायच्या. स्क्रूड्रायव्हर घालून पीळ देणारे लोक अजून भेटतात. त्यांच्या शेजारी मी उभा राहत नाही. चार इंची ड्रमवर एका वळशात साधारण ३२० मिमी वायर बसते. ३ मीटरच्या दाराला त्या हिशेबाने सव्वानऊच्या वर वळसे लागतात, आणि दार पूर्ण वर असतानाही वायर ताठ राहावी म्हणून अर्धा वळसा जास्त. धरून चाला दहा, म्हणजे चाळीस पाव-वळसे. ते मोजून द्यायचे, अंदाजाने नाही, आणि दोन्ही स्प्रिंगना सारखेच.

मग तोल पाहिला. मोटर सोडवून दार हाताने कमरेपर्यंत उचललं, थांबलं. अर्ध्यावर नेलं, तिथेही थांबलं. आधीच्या दोघांनीही एवढंच पाहिलं होतं आणि तोल बरोबर असल्याचं लिहिलं होतं. खोटं काहीच नव्हतं.

घोळ वरच्या टोकाला होता. दार पूर्ण उघडं असताना हाताने पहिली दोन वीत खाली आणायला गेलो तर डावी बाजू अडली. जरा ढकललं की सुटायची. अशा वेळी स्प्रिंगचा दोष आणि घर्षणाचा दोष वेगळा ओळखता यायला हवा. स्प्रिंग ढिली असेल तर दार वर नेताना जड लागतं आणि खाली येताना पळतं. घर्षण दोन्ही दिशांना अडवतं. इथे दोन्हीकडे अडत होतं. आणि ते नेमकं वरच का भोवलं? कारण पूर्ण उघड्या दाराचा बहुतेक भार आडव्या ट्रॅकवर असतो. खाली ओढणारं वजन तेव्हा जेमतेम तळच्या पट्टीचं. एवढ्याशा वजनाला थोपवायला थोडंसं घर्षणही पुरतं. दार अर्ध्यावर आलं की त्याचंच वजन त्याला अडचणीतून रेटून नेतं, म्हणून खाली सगळं सुरळीत दिसतं.

दोन ट्रॅकमधली रुंदी टेपने मोजली: खाली, मध्ये, वर, तिन्हीकडे बरोबर. ओळंबा सोडला तेव्हा कळलं. ट्रॅक वर जाताना भिंतीपासून किंचित लांब होत जातो, तो तसाच असायला हवा. उजवीकडे हे अंतर एकसारखं वाढत होतं. डावीकडे २.६ मीटरवरच्या ब्रॅकेटपाशी ते एकदम ९ मिमीने जास्त. ट्रॅक आत, गोदामाच्या बाजूला ढकलला गेलेला. टेपवर ते दिसणार नव्हतं, कारण ट्रॅक डावी-उजवीकडे सरकलाच नव्हता. ब्रॅकेटचं बोल्टाचं भोक लांबट झालेलं, आणि ट्रॅकच्या आत तेवढ्याच जागी रोलरने घासून चकाकी आणलेली.

आतून कोणी ढकलणार नाही, तेव्हा बाहेर गेलो. दाराच्या दोन्ही अंगांना फोमच्या गाद्या असतात, गाडी त्यांना टेकली की फट बुजते. डाव्या गादीचं कापड फक्त वरच्या टोकाला फाटलेलं. खाली शाबूत. एवढ्या उंचीवर कोणी पाहत नाही. मग नजर खाली आणली तर डाव्या रबरी बंपरच्या बोल्टांची डोकी घासून चकचकीत. नवीन बंपर भिंतीपासून १०० मिमी पुढे असतो. मोजला तर ५८. उजवा ८०. इंचभर झिजला की बदलावा, म्हणजे ७५ मिमीच्या खाली जाऊ देऊ नये. बंपर झिजतो तो धडकेपेक्षा घासण्याने जास्त: फोर्कलिफ्ट आत-बाहेर करते तशी गाडी स्प्रिंगांवर खाली-वर होते आणि टेकलेलं रबर प्रत्येक फेरीला खरवडलं जातं.

यात उताराने भर घातली. अंगण डॉककडे, म्हणजे गाड्या टेकतात त्या ओट्याकडे, उतरतं आहे. १.२ मीटरचा स्पिरिट लेव्हल ठेवून एक टोक ३६ मिमी उचलावं लागलं, म्हणजे ३ टक्के. अशा उतारावर गाडीचा माथा इमारतीकडे झुकतो. गाडी ४ मीटर उंच, डॉक १.२ मीटर, वरचे २.८ मीटर गुणिले ३ टक्के, ८४ मिमी. नवा १०० मिमीचा बंपर असतानाही माथ्यापाशी १६ मिमीच उरतात. ५८च्या बंपरवर गाडी टेकण्याआधीच माथा भिंतीच्या रेषेत २६ मिमी घुसलेला. गादी दबते, पण दबून दबून किती दबणार? पुढे चौकट, चौकटीवर ट्रॅक. चालक मागे घेतो तो धप्प आवाज येईपर्यंत, आणि आवाज बंपरचा की चौकटीचा हे त्याला केबिनमध्ये कळायचं कारण नाही.

म्हणजे स्विच खरं बोलत होता. ट्रॅक सरकल्यावर सगळ्यात आधी ओरडला तो तोच. वहीत चौदा आठवड्यांपूर्वीची नोंद सापडली: 'स्विच सदोष, तात्पुरती व्यवस्था केली.' वायर पहिल्यांदा उतरली ती त्यानंतर महिन्याभराने.

हे इतके दिवस कोणाला दिसलं नाही, कारण दाराचं कंत्राट एकाकडे आणि लेव्हलर-बंपरचं दुसऱ्याकडे. लेव्हलर म्हणजे डॉक आणि गाडीची फरशी जोडणारा, खाली-वर होणारा प्लॅटफॉर्म. दारवाला बंपरकडे पाहत नाही, बंपरवाला वर पाहत नाही. लेव्हलरचं काम करणाऱ्यांनी आपलं काम नीट केलं होतं: टेकू लावूनच त्याखालच्या खड्ड्यात उतरले, प्लास्टिक आणि पॅलेटच्या फळ्या काढल्या, लिपच्या, म्हणजे गाडीवर टेकणाऱ्या पुढच्या पट्टीच्या, पिनांना ग्रीस दिलं, तेलाची पातळी प्लॅटफॉर्म खाली असतानाच पाहिली. पण त्यांच्या यादीत बंपरची एकच ओळ आहे, 'आहे / नाही'. बंपर होता, म्हणून 'आहे'. त्यातली एक खूण पाच महिन्यांपूर्वीची आणि सही माझी, कारण तेव्हा त्या कामावर मीच बदली होतो. ती खूण चुकीची म्हणता येत नाही, आणि तेच मला छळतं.

तारखांवर चालणाऱ्या देखभालीचाही हाच दोष. साधी स्प्रिंग १०,००० फेऱ्यांची असते. दिवसाला ३० वेळा उघडणाऱ्या दारावर ती वर्षही काढत नाही, आणि तपासणी मात्र सगळ्या दारांची त्याच महिन्यात. फेऱ्यांचा आकडा मोटरच्या पॅनलवर दिसतो. तो वहीत उतरवायला रकानाच नाही.

चार नंबरचा ट्रॅक सरळ केला, ब्रॅकेट जाड पत्र्याचा टाकला. बंपरमागे लोखंडी ठोकळा देऊन तो १७५ मिमी पुढे आणला: १०० मूळचे आणि उताराच्या दर टक्क्याला २५. यात लिपची पोच कमी होते, म्हणून आधी तो हिशेब केला. ४०० मिमीच्या लिपमधून १७५ गेले, २२५ उरले. गाडीच्या फरशीवर किमान १०० टेकलेच पाहिजेत, कारण माल चढवताना गाडी थोडी थोडी पुढे सरकते.

बारा दारं याच उतारावर आहेत. ठोकळ्यांची मंजुरी एका दाराची आली. बाकीचे बावीस बंपर मोजून आकडे लिहून दिले. नऊ ७५च्या खाली आहेत. सगळ्यात वाईट सात नंबरचा डावा, ६१. तिथे ओळंब्यात ३ मिमीचा फरक आहे. सातचा स्विच मी दोनदा हाताने दाबून पाहिला, उत्तम चालतो. त्या आठवड्यात तो दोनदा पडला होता, आणि तक्रारवहीत त्याच्यापुढे लिहिलेलं आहे: 'स्विच खराब, बदलून द्यावा.'