कॅरो-कान बचाव आणि सहावी खेळी

तेरा वर्षांखालील बुद्धिबळ स्पर्धेतील चौथ्या फेरीचा डाव मुलीने बरोबरीत सोडवला. काळ्या मोहऱ्यांनी कॅरो-कान (पांढऱ्याच्या ई४ ला सी६ ने उत्तर देणारी सुरुवात) खेळताना सहावी खेळी, एच६, तिने स्पर्धेत प्रथमच अचूक केली, याचा मला मनापासून आनंद आहे.

मागील स्पर्धेत हाच क्रम आला होता (अक्षर आणि अंक म्हणजे पटावरचे घर; आधी पांढऱ्याची खेळी, मग काळ्याची): ई४ सी६, डी४ डी५, घोडा सी३, काळ्याने ई४ वरचे प्यादे मारले, घोड्याने ते परत मारले, उंट एफ५, घोडा जी३, उंट जी६, एच४. येथे एच६ करण्याऐवजी तिने बी८ चा घोडा डी७ वर आणला आणि पांढऱ्याने एच५ करताच उंट कोंडला गेला. सी२ किंवा एच५ वरचे प्यादे घेऊन मरणे, एवढेच त्याच्या हाती उरले होते. क्रम तिला तोंडपाठ होता. परंतु एच६ मुळे उंटाला एच७ चे घर मिळते, हे मी कधी पटावर मांडून दाखवले नव्हते.

त्यानंतर आम्ही २००४ साली नेदरलँड्समधील विक आन झी येथे तेरा वर्षांच्या मॅग्नस कार्लसनने (पुढे जगज्जेता) सिप्के अर्न्स्टविरुद्ध जिंकलेला डाव अनेकदा मांडला. काळ्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणे) केल्यावर कार्लसनने अठराव्या खेळीत घोडा जी६ वर बळी दिला. एफ७ च्या प्याद्याने तो मारताच ई६ चा आधार गेला आणि वजिराने ते प्यादे शह देत टिपले. ही खेळी पाहताना मुलीने एफ७ वरचे प्यादे पटावरून उचलून बराच वेळ हातात धरून ठेवले होते. एच६ आवश्यक आहे, पण पुढे पांढऱ्याचे प्यादे एच५ वर रोवले गेले की जी६ चे घर नाजूक होते, हे तिला त्या वेळी उमगले असावे.

म्हणून या वेळी दहाव्या खेळीत वजीर सी७ वर ठेवून पांढऱ्याच्या उंटाला एफ४ चे घर नाकारायचे आणि वजिराच्या बाजूला किल्लेकोट करायचा, असे आम्ही ठरवले होते. नोंदवहीत तिने ‘एच६’ इतके दाबून लिहिले आहे की खालच्या पानावर ते उमटले आहे. पुढे त्याच डावाच्या हत्ती उरलेल्या अंतिम टप्प्यात तिने एक प्यादे गमावले, तरी राजा वेळेवर पुढे आणून बरोबरी राखली.

आता दहाव्या खेळीत ई६ केल्यावर येणारा उंट एफ४ आणि त्यावरचा वजीर ए५ हा शह अभ्यासाला घेतला आहे.